गेली म्हणून सांगितलं

आमच्या आरोग्य केंद्रात कॉम्प्युटर आला तेव्हा सिस्टरबाईंनी त्याच्यासाठी दवाखान्याच्या जुन्या चादरीची खोळ शिवली. खोळीवर चादरीचा निळा शिक्का अर्धाच दिसायचा. रोज सकाळी मी ती खोळ काढून घडी घालायचो, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेले पेशंट मान उंचावून आत बघायचे. ते मला आवडायचं. हे लिहायला बसलो तर सगळ्यात आधी तेच आठवतं, की ते मला फार आवडायचं.

मी घुग्घुसचा. वडील कोळसा खाणीत पाळीवर जायचे. बारावीनंतर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि दोन हजार साल उलटून काही वर्षं झाल्यावर पोंभुर्ण्याकडच्या एका गावातल्या केंद्रात कंत्राटावर ऑपरेटर म्हणून लागलो. गावाच्या तीन बाजूंना जंगल. चौथ्या बाजूला मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीखाली ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा मोहल्ला. केंद्रात एक डॉक्टर, ज्यांना सगळे साहेब म्हणायचे. दोन नर्स, त्यांतल्या मोठ्या त्या सिस्टरबाई. एक शिपाई, आणि मी.

माझं मुख्य काम म्हणजे रेफरचं. आमच्याकडे ज्याचं निभत नाही अशा पेशंटला जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. त्यासाठी पूर्वी साहेब चिठ्ठी लिहायचे. आता सरकारनं मोजक्या केंद्रांत नवी पद्धत सुरू केली होती. पेशंटची सगळी माहिती कॉम्प्युटरवर भरायची, टेलिफोनच्या लाईनवरून मेल करायची, आणि पेशंट पोचायच्या आत त्याचा कागद तिकडे पोचलेला असायचा. पुढे त्याचं काय झालं तेही तिकडून कळवायचे. चिठ्ठीच्या काळात तसं कधी कळत नसे. पेशंट एकदा बसमध्ये चढला की तो बरा झाला की मेला, हे आम्हाला बाजाराच्या दिवशी गावकऱ्यांकडूनच समजायचं.

सिस्टरबाई त्या केंद्रात नव्वद सालाच्या आसपासपासून होत्या. त्यांची चिठ्ठी द्यायची एक रीत होती. साहेबांनी सही केली की त्या कागदाची चौघडी करायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या आणि पेशंटच्या हातात देऊन शांतपणे सांगायच्या, "बस उतरली का मोठ्या फाटकातून आत जा. डाव्या बाजूची दुसरी खिडकी. तिथं हा कागद दाखव. नाई ऐकलं कोनी तं पांढऱ्या कपड्यातली बाई दिसंन, तिले दाखव. कागद हातातून सोडू नको." मग पेशंटकडून हे सगळं एकदा वदवून घ्यायच्या. दहा मिनिटं जायची. मला त्याचा कंटाळा यायचा.

चिठ्ठी बंद करा, असं साहेब म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, दोन्ही चालू ठेवा. चिठ्ठी बंद झाली ती माझ्यामुळे. सुरुवातीला एका म्हाताऱ्याला पाठवलं होतं, छातीच्या दुखण्यासाठी. त्याची मेल वेळेवर गेली, तिकडे पोचल्या पोचल्या खिडकीवरच्या बाईनं त्याला नावानं हाक मारली. म्हातारा परत आला तो गावभर सांगत सुटला. "मी पोचाच्या आंधी माहं नाव पोचलं होतं जी!" पण त्याच म्हाताऱ्यानं चिठ्ठी दाखवून वेगळा केसपेपरही काढला होता. त्यामुळे त्याच्या नावाच्या दोन नोंदी झाल्या, तपासण्या एका नंबरवर आणि औषधं दुसऱ्यावर. तो घोटाळा निस्तरायला मला चार फोन करावे लागले. तेव्हापासून मी पेशंटना माझ्याच मनानं सांगायला लागलो, की चिठ्ठी लागत नाही, केसपेपर काढायचा नाही, फक्त बसायचं. नाव पुकारतील. साहेब ओपीडीत गुंतलेले असायचे. सिस्टरबाई एकदा म्हणाल्या, "कागद राहू दे ना हातात. त्यानं काय बिघडते?" मी हसून म्हणालो, "बाई, जमाना बदलला."

हेही सांगायला हवं की घरी मी "मले", "तुले" असंच बोलायचो, पण कॉम्प्युटरसमोर बसलो की पुस्तकातली मराठी बोलायचो. पेशंट मग जरा बिचकायचे. तेही मला आवडायचं.

ती बाई आली त्या दिवशी शुक्रवार होता, आठवडी बाजाराचा दिवस. ढिवर मोहल्ल्यातली, चाळिशीची असेल. सोबत तिची जाऊ. नवरा आणि दीर नदीवर गेले होते, तीन-चार दिवसांनी यायचे होते. बाईचा उजवा हात लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला होता. साहेबांनी फडकं सोडायला लावलं तेव्हा मी माझ्या खोलीच्या दारात उभा होतो. मधलं बोट काकडीसारखं सुजलं होतं, त्याच्या शेजारचंही, आणि सूज मनगटापर्यंत आली होती.

"काय लागलं?" साहेबांनी विचारलं.

"मांगूरचा काटा जी," ती म्हणाली. "जाळ्यातून काढता काढता घुसला. सोमवारी."

"आणि आज येतेस?"

"हळद भरली होती. वाटलं उतरंन."

साहेबांनी बोट हलकेच दाबलं तशी ती खाली बसली, पण ओरडली नाही. साहेबांनी इंजेक्शन दिलं आणि मला म्हणाले, "पू आत खोल, नसांपर्यंत गेलाय. आज चिरलं तर हात वाचेल. अर्जंट लिही आणि लगेच पाठव. फोन पण कर."

मी भरभर टाईप केलं. मला ते छान जमायचं, न बघता. दोघी माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. बस बाहेर येऊन थांबली होती. ड्रायव्हर आमच्या ओळखीचा, शिपायानं त्याला दोन मिनिटं थांब म्हणून सांगितलं होतं. मी पाठवायचं बटण दाबलं. मोडेम रोज किर्र किर्र आवाज करायचा, त्या दिवशी नुसता टिकटिकला आणि गप्प झाला. मी टेलिफोन उचलून कानाला लावला. लाईन बंद. तालुक्याच्या रस्त्याचं खोदकाम चालू होतं, महिन्यातून दोनदा तरी केबल तुटायची.

मेल आउटबॉक्समध्ये पडून होती. स्क्रीनवर कोपऱ्यात ते दिसत होतं, एक मेल बाकी. मला ते वाचता येत होतं. माझ्यामागे उभ्या असलेल्या दोघींना येत नव्हतं.

"गेली का भाऊ?" जावेनं विचारलं.

"गेली," मी म्हणालो.

मी का म्हणालो हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. लाईन अर्ध्या तासात येईल असं वाटलं होतं, हे खरं आहे. बस सुटेल याची घाई होती, हेही खरं. पण त्याच्याही आधी, त्या दोन बायकांसमोर "नाही जात" असं म्हणायची मला लाज वाटली. रोज खोळ घालून जपलेलं ते यंत्र त्यांच्यासमोर बंद पडलं हे मला कबूल करायचं नव्हतं.

दारातून सिस्टरबाईंनी विचारलं, "चिठ्ठी लिहून देऊ का साहेबांची?"

"कशाला बाई? मेल गेली."

आणि मी त्या दोघींना नेहमीचं सांगितलं. "तिथे वेगळा केसपेपर काढू नका. घोटाळा होतो. फक्त नाव सांगा आणि बसा. नाव पुकारतील."

"म्हंजे कोनाले काई दाखवाचं नाई?" बाईनं विचारलं.

"काही नाही. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे."

तिनं मान हलवली. डाव्या हातानं पदर सावरला आणि बसकडे गेली. जाऊ तिच्या मागून, डोक्यावर पिशवी घेऊन.

लाईन संध्याकाळपर्यंत आली नाही. मी दोनदा बघितलं. पाच वाजता मी खोळ घातली आणि घुग्घुसला घरी गेलो, कारण शनिवार-रविवार मी घरी जायचो. वाटेत पोंभुर्ण्याला बस थांबली होती. स्टँडवर एसटीडीचा बूथ होता, आणि तो चालू होता. मी चहा प्यायलो. एक फोन करायला हवा, हे मला तिथे आठवलं होतं. नंबर डायरीत होता आणि डायरी केंद्रात राहिली होती. नंबर विचारून काढता आला असता. ती पोचली असेल, हात बघितल्यावर कोणीही घेईल, असं मी मनाशी म्हटलं आणि बसमध्ये चढलो. घरी दोन दिवस मला तिची आठवण झाली नाही. हे मी तसंच लिहितो आहे. क्रिकेट खेळलो, दोस्ताच्या गाडीवर फिरलो.

सोमवारी सकाळी लाईन आली होती. कॉम्प्युटर सुरू केला, मोडेम किर्र किर्र वाजला आणि मेल आपोआप गेली. आउटबॉक्स रिकामा झाला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. काम झालं, असं वाटलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, तिकडच्या ऑपरेटरनं टाईप केलेलं. पेशंटच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. पेशंट शुक्रवार दुपारपासून आवारात होती, रविवारी संध्याकाळी वॉर्डातल्या नर्सच्या नजरेस पडली. संदर्भ सोमवारी सकाळी मिळाला. तातडीचा संदर्भ पाठवण्यास विलंब का झाला, ते कळवावे.

मी ते दोनदा वाचलं. मग प्रिंट काढून साहेबांकडे नेलं, कारण न नेऊन चाललं नसतं, ती बाई ड्रेसिंगला परत येणारच होती.

साहेबांनी वाचून चष्मा काढला. "सोमवारी मिळाला? तू शुक्रवारीच पाठवला होतास ना?"

"हो साहेब."

"फोन केला होतास?"

"लाईन बंद होती साहेब."

"म्हणजे मेल गेल्यावर लाईन बंद पडली."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. साहेबांनी माझ्या गप्प राहण्याला हो समजलं आणि मी समजू दिलं.

"म्हणजे त्यांनी तीन दिवस मेल उघडलीच नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. भला माणूस होता. पेशंटसाठी वर भांडायला कधी मागेपुढे बघायचे नाहीत. "बाई आवारात बसून राहिली आणि यांना पत्ता नाही. लिही पत्र. मी सांगतो तसं."

आणि मी ते पत्र लिहिलं. त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं. तिकडच्या ऑपरेटरनं तातडीची मेल वेळेवर उघडली नाही, त्यामुळे एका कष्टकरी स्त्रीला कायमचं अपंगत्व आलं, संबंधितांवर कारवाई व्हावी. "निष्काळजीपणा" हा शब्द टाईप करताना माझा वेलांटीचा घोळ झाला होता, तो मी थांबून दुरुस्त केला. शुद्धलेखन बरोबर असावं असं मला त्याही वेळी वाटत होतं. साहेबांनी सही केली आणि पत्र टपालानं गेलं.

आठवड्याभरानं फोन वाजला. मीच उचलला. पलीकडे मुलीचा आवाज होता, आदबशीर. "सर, मी मोठ्या दवाखान्यातून बोलते, रेफरच्या खिडकीवरची ऑपरेटर. तुमचं पत्र आलंय इथे. सर, शुक्रवारी माझ्याकडे खरंच काही आलं नव्हतं. शनिवारी मी चार वेळा बघितलं, त्या बाया समोरच बसल्या होत्या म्हणून. तुमच्याकडे पाठवल्याची वेळ दिसत असेल ना? तेवढं बघून सांगाल का? मला इथे लेखी द्यायचंय."

"बघतो," मी म्हणालो.

"मी थांबू का फोनवर?"

"नको. मी करतो."

फोन ठेवला. पाठवल्याची वेळ बघायची गरज नव्हती, ती मला पाठ होती. मी तिला फोन केला नाही. तीही माझ्यासारखीच कंत्राटावर असणार, एवढं मला आवाजावरून कळलं होतं. कायम नोकरीतला माणूस दुसऱ्या केंद्राच्या ऑपरेटरला सर म्हणत नाही.

पुढच्या सोमवारपासून ती बाई एक दिवसाआड ड्रेसिंगला यायला लागली. ती दिसली की मी खोलीचं दार लोटून घ्यायचो, धूळ येते म्हणून. दोन-तीन खेपा अशा गेल्या. मग एकदा दार ढकलून ती आणि तिची जाऊ आत आल्या. हातावर पांढरं बँडेज, अंगठा आणि दोन बोटं बाहेर दिसत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमाले सांगाले आली. माहीच चुकी झाली."

मी खुर्चीतून उठलो.

"तुमी बरोबर सांगतलं होतं, पन मले कुठी बसावं ते समजलं नाई. कोन्या दुसऱ्याच खिडकीसमोर बसलो असन आमी. म्हून नाव नाई पुकारलं. हे जाऊ म्हने पुढं जा, पन मी म्हटलं, भाऊनं बसाले सांगतलं हाये, इथंच बसू."

जाऊ मधेच बोलली. "थे खिडकीवरची पोट्टी म्हने, तुमचं नाव नाई आलं, तुमी केसपेपर काढा अन् डॉक्टरले दाखवा. दोनदा येऊन सांगतलं तिनं. मी तिच्याशी लय भांडली भाऊ. म्हटलं, तू खोटी बोलते. आमच्या भाऊनं आमच्या डोळ्यासमोर पाठवलं. अनपढ समजून आमाले टाळते का? सबन लोकं पाहून राह्यले होते. रडली ते."

मला तिथे उभं राहवेना आणि बाहेरही जाता येईना. दारात सिस्टरबाई ड्रेसिंगचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"थे खोटी नवती बोलत," मी म्हणालो. माझ्याच्यानं पुस्तकातलं बोलणं झालं नाही. "मेल गेलीच नवती. लाईन बंद होती. मले दिसत होतं. मी गेली म्हनून सांगितलं."

आधी जावेला कळलं, तिनं तोंडावर पदर घेतला. बाई माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी खाली बघितलं असतं. ती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, आणि तिला ते जमत नव्हतं.

"दिसत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग गेली म्हून काऊन सांगतलं?"

मी तोंड उघडलं. लाईन, बस, घाई, सगळं ओठांवर आलं आणि त्यातलं एकही सांगण्यासारखं वाटलं नाही. ती उत्तराची वाट बघत उभी होती. मग तिनं वाट बघणं सोडलं. "चाल वो," जावेला म्हणाली, आणि दोघी गेल्या. त्या दिवशी तिनं ड्रेसिंगही करून घेतलं नाही. सिस्टरबाई दुपारी ट्रे घेऊन तिच्या घरी गेल्या, माझ्याशी एक शब्द न बोलता.

संध्याकाळी ओपीडी संपल्यावर मी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पोंभुर्ण्याच्या स्टँडवर प्यायलेल्या चहासकट. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

"पत्रावर सही माझी आहे," ते म्हणाले.

"हो साहेब."

"त्या मुलीचा फोन आला होता म्हणतोस. कधी?"

मी सांगितलं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "बस. दुसरं पत्र लिही." त्यात त्यांनी माझं नाव घातलं नाही. आमच्या केंद्राकडून चूक झाली, आधीचं पत्र मागे घेतो, संबंधित ऑपरेटरचा काही दोष नाही, जबाबदारी माझी, असं सांगितलं. "माझी" म्हणताना ते स्वतःबद्दल बोलत होते. मी म्हणालो, "साहेब, माझं नाव टाका." ते म्हणाले, "तुझं नाव टाकलं तर उद्या तू घरी जाशील आणि तुझ्या जागी कोणी येणार नाही. मग पेशंटचं काय करू? तू इथेच राहा आणि काम कर." ही शिक्षा होती की माफी, हे मला तेव्हा समजलं नाही. आजही पक्कं सांगता येत नाही.

ते पत्र टपालानं पाठवायचं नाही, मीच घेऊन जायचं, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेलो. मोठं फाटक, डाव्या बाजूची दुसरी खिडकी. सिस्टरबाई पेशंटना सांगायच्या ती जागा मी पहिल्यांदाच बघत होतो. खिडकीसमोर सिमेंटचा लांब ओटा होता, वर पत्रा. त्यावर बायका-माणसं बसली होती. कोणाच्या मांडीवर डबा, कोणाच्या हातात एक्सरेचं पाकीट. खिडकीला खेटून बसलं तर आतला कॉम्प्युटर दिसतो इतकी ती जागा जवळ आहे. म्हणजे त्या दोघी अगदी बरोबर जागी बसल्या होत्या.

खिडकीत एक पोरसवदा माणूस होता. मी विचारलं, इथे एक मॅडम होत्या ना?

"त्या गेल्या."

"कुठे?"

"त्यांचं कंत्राट संपलं. पुढे वाढवलं नाही."

"कधी?"

"झाले असतील चार-पाच दिवस. काय काम होतं?"

मी पत्र दाखवलं. तो म्हणाला, आवक-जावक वरच्या मजल्यावर. मी वर जाऊन पत्र दिलं, शिक्का मारून पोच घेतली. तिथल्या मोठ्या बाबूंना विचारता आलं असतं, की तिचं कंत्राट आमच्या पत्रामुळे वाढवलं नाही, का दुसरं काही कारण होतं. तिचं गाव कोणतं, पत्ता मिळेल का. मी टेबलासमोर उभा राहिलो. बाबू म्हणाले, "अजून काही?" मी नाही म्हणालो आणि जिना उतरलो. दुसरं काही कारण असेल, असं मला आजही मानता येतं, कारण मी विचारलं नाही. बहुतेक त्यासाठीच विचारलं नसेल.

त्यानंतर आमच्याकडे चिठ्ठी पुन्हा सुरू झाली. मेलही जायची, तिकडचं उत्तर आलं की मी त्याचं प्रिंट पेशंटच्या घरी पोचवायला लागलो. त्या पद्धतीनं पुष्कळांचं भलं झालं, हे मी नाकारणार नाही. एका बाळंतिणीचं रक्त आधीच तयार ठेवलं गेलं, ते मेल वेळेवर गेली म्हणूनच. पण मेल गेली की नाही हे मी आता पेशंटला स्क्रीन दाखवून सांगायचो, आणि नसेल गेली तर नाही गेली असं सांगायचो. त्यांना स्क्रीन वाचता यायची नाही. तरी दाखवायचो.

सिस्टरबाई महिनाभरानं माझ्याशी बोलायला लागल्या, पण कामापुरतं. एकदा त्या म्हणाल्या, बाईला आता जाळं विणता येत नाही. गाठ मारायला तीच दोन बोटं लागायची. मोहल्ल्यात तिच्याइतकं बारीक जाळं कोणी विणत नसे, आजूबाजूच्या गावचे ढिवर तिच्याकडून जाळी न्यायचे. हे मला माहीत नव्हतं. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी "मजुरी" भरलं होतं. तिला विचारलंच नव्हतं.

मी त्या केंद्रात आणखी चार वर्षं होतो. बाई शुक्रवारच्या बाजारात मासे घेऊन बसायची, शाळेच्या कुंपणाला लागून. जाऊ विळीवर मासे कापून द्यायची आणि ती डाव्या हातानं तोलायची. लांबून मी तिला गिऱ्हाईकांशी हसताना, भावावरून हुज्जत घालताना बघितलं आहे. ती ठीक होती असं कोणीही म्हणालं असतं. मी तिच्यासमोरून कधी गेलो नाही. बाजाराच्या दिवशी मी सायकल घेऊन मागच्या बाजूनं, तलावाच्या पाळीवरून जायचो, लांबचा वळसा घालून.

तिथे असतानाच माझं लग्न झालं. बायको गावात राहायला आली आणि पहिल्याच शुक्रवारी माझ्यासोबत बाजाराला निघाली. मी सायकल पाळीकडे वळवली तशी तिनं मागून विचारलं, "सरळ रस्ता सोडून इकून काऊन जाता?"

"तिकडं चिखल राहते," मी म्हणालो.

उन्हाळ्याचे दिवस होते. तिनं मागे वळून त्या रस्त्याकडे बघितलं.